पेटीवालीचा हात

२९ जून, रविवार

रोज संध्याकाळी ‘आज काय शिकले’ ते चार ओळींत लिहायचं, असा आशयचा हुकूम आहे. ते मी ऑफिसच्या फाइलीत इंग्रजीत इमानेइतबारे लिहिते. पण तिथे ‘आजही सगळं डोक्यावरून गेलं’ असं लिहिता येत नाही, आणि ‘हा पोरगा समजतो कोण स्वतःला’ असं तर मुळीच नाही. म्हणून ही वेगळी दैनंदिनी.

आशय म्हणजे माझा टीम लीड. नागपूरचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो आणि ताईच्या कोडमधल्या चुका भर मीटिंगमध्ये पडद्यावर मोठ्या करून दाखवतो. आमची कंपनी बंगळुरात हेब्बाळला, तलावाच्या मागच्या बाजूला. शाळेची बस कुठवर आली ते पालकांना मोबाइलवर दाखवायचं, एवढाच आमचा उद्योग. नकाशावर एक पिवळा ठिपका सरकतो आणि तो बघून आया गेटवर उतरतात.

मी पंधरा वर्षं पुण्यात पेटीची साथ केली. चांगली करायचे. हे मलाच म्हणायला हवं, कारण निवेदक साथीदारांची नावं एकतर गाळतात नाहीतर चुकवतात. कंटाळा पेटीचा नाही आला. दुसऱ्याच्या गळ्यामागे चालण्याचा आला. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी असं काही करू जे आपल्या नावावर जमेल आणि आपल्याच नावावर फसेल. कोर्स केला, मार्चपासून इथे आहे. सप्टेंबरात ठरणार, मला ठेवायचं की नारळ द्यायचा.

राहते येलहंकाला उमाकांतमामांकडे. मामा विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. इंजिनांच्या चाचण्या घेण्यात त्यांचा जन्म गेला. नीलामामीनं मला खोली दिली, कपाट दिलं, आणि रविवारी मामांच्या बैठकीत पेटी वाजवायची तेवढी अट घातली. पेटी सोडायला बंगळुरात आले आणि पेटीच गळ्यात पडली.

४ जुलै, शुक्रवार

या घरात काहीतरी बिनसलंय. मामी आतून काही विचारते, मामा पेपर वाचत बसतात. मामी एकदा विचारते, दोनदा विचारते, मग गप्प. आज कुकर लावून ती देवळात गेली आणि जाताना मामांना सांगून गेली की तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मामा कुकरपासून चार हातांवर शब्दकोडं सोडवत होते. मी ऑफिसातून आले तेव्हा जिन्यात करपल्याचा वास होता. मामी परत आली. भांडं खरवडत बसली.

मामा मला नंतर त्यांच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाले, “तुझी मामी अलीकडे फार अबोल झालीय बघ. रिटायर नवरा दिवसभर घरात म्हणजे बायकांना ताप होतो. सरी, चालायचंच.”

मला तर वाटतं, ताप मी आहे. दोघांच्या संसारात तिसरं माणूस चार महिने ठाण मांडून बसलंय. माझ्यासमोर भांडता येत नाही म्हणून दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली असणार. नोकरी पक्की झाली की पहिल्या झटक्यात वेगळी खोली घेणार. त्यासाठी तरी ही नोकरी टिकायला हवी.

१३ जुलै, रविवार

बैठक. श्रोते म्हणजे कॉलनीतले सातआठ जण, तबल्याला विठोजीकाका. ते मामांच्याच कारखान्यात होते. इथे इतकी वर्षं काढली की मराठीतही मामांना ‘अण्णा’ म्हणतात. त्यांचा तबला कधी सुरात लागल्याचं कुणाला आठवत नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूनं काळजी नसते.

मामा यमन गायले. आवाज अजून मोकळा, दणदणीत. फक्त सूर चढतो. काळी एकपासून निघतात आणि अंतऱ्याला तिच्या वरच्या पांढरी दोनवर पोचलेले असतात. मी हळूच मागोमाग सरकते. तंबोऱ्याचं मशीन मात्र बिचारं जागेवरच राहतं, म्हणून ते आज मीच बंद करून टाकलं. कुणाला कळलं नाही. मामांना तर नाहीच, शेवटी मशीनला नमस्कार करून उठले! एखाददुसऱ्या वेळी समेवर यायला उशीर करतात, तेव्हा मी मुखडा पुन्हा एकदा वाजवून जागा भरून काढते. साथीदाराचं काम तेच. गवई पडला तरी मांडी माझी हवी, आणि लोकांना वाटायला हवं की तो मुद्दामच बसला.

जाताना सगळे म्हणाले, उमाकांतराव अजून तसेच गातात. मामा खूश. मामी आत चहाचे कप मोजत होती.

१७ जुलै, गुरुवार

आज मी एक गोष्ट केली आणि ती चालली! माझी स्वतःची.

झालं असं की बसमधलं यंत्र दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवतं. पण फ्लायओव्हरखाली किंवा गर्दीत नेटवर्क जातं, मग ठिपका जागीच थिजतो आणि पालकांचे फोन सुरू होतात. बस अडकली का, बस कुठे गेली, माझं बाळ कुठंय. सगळे म्हणत होते, यंत्रं बदला. मी म्हटलं, गवयानं श्वास घेतला म्हणून पेटी थांबते का? ठावठिकाणा आला नाही तर बस मघाच्या वेगानं पुढे चाललीय असं धरायचं आणि ठिपका रस्त्यावरून तसाच सरकवत न्यायचा. खरा ठावठिकाणा परत आला की हळूच त्याच्यात मिसळून जायचं. सांधा दिसता कामा नये.

आशयनं कोड वाचला, दोन ठिकाणी नाक मुरडलं आणि म्हणाला, “हे भारी आहे न ताई! कुठून सुचून राहिलं तुला असं?” आणि पास करून टाकला.

मी म्हटलं, साथीतून. त्याला कळलं नाही. मला मात्र आज हेब्बाळचा तलावसुद्धा देखणा वाटला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पालकांचे फोन निम्म्यावर आले. मीटिंगमध्ये टाळ्या. कंपनीच्या मोठ्या बाईंनी माझं नाव बरोबर उच्चारलं.

३ ऑगस्ट, रविवार

परवा मामीशी बोलायचा प्रयत्न केला. भाजी निवडत होतो. मी विचारलं, “मामी, माझ्यामुळे तुम्हा दोघांत काही झालंय का?”

मामी नेहमीसारखी, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “तुझं काय गं त्यात. तू यायच्या आधीपासूनच आहे. एकदा विचारावं, दोनदा विचारावं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. माणसाला आपल्याशी बोलायचंच नसेल तर काय करायचं? तुझ्याशी बघ कसे बोलतात.”

माझ्याशी बोलतात हे खरं आहे. पण माझा आवाज म्हणजे तालमीच्या हॉलमध्ये ओरडून कमावलेला, आणि जेवताना मी त्यांच्या समोरच बसते. मुद्दाम दुर्लक्ष करायची सोयच नाही.

तेव्हापासून मी एक युक्ती चालवलीय. मामीनं काही विचारलं आणि मामा गप्प राहिले की मीच चटकन उत्तर देते. बेल वाजली की मीच उठते. कुकर तर माझ्याचकडे. मामीच्या मनाला थोडं कमी लागत असेल.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी के. आर. पुरमच्या पुढे एका शाळेची बस बंद पडली. बॅटरीच गेली, त्याबरोबर यंत्रही गेलं. आणि माझा ठिपका चालत राहिला. छान चालत राहिला. वळणं घेतली, सिग्नलला वेग कमी केला, सोसायटीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. आयांना निरोप गेला, बस पोचली. त्या खाली उतरल्या तर रस्ता रिकामा. बस नाही, मुलं नाहीत. ड्रायव्हरचा फोन लागेना. पाऊण तास त्या बायका गेटवर होत्या. एक जण रडत ऑफिसला फोन करत होती आणि आमचा माणूस पडद्यावर बघून तिला सांगत होता, मॅडम, बस तुमच्या गेटवरच आहे.

मुलं सुखरूप होती. बसमध्ये बसून गाण्याच्या भेंड्या खेळत होती म्हणे.

मला त्या बाईचा आवाज जात नाहीये डोक्यातून. नोकरी जाणार, ते तर उघडच आहे. पण आज प्रथमच असं वाटतंय की गेली तरी माझी तक्रार नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

घडल्या प्रकाराची हकीकत लिहून द्यायला सांगितलं. लिहून दिली. कल्पना माझी, कोड माझा, चूक माझी. आशयनं वाचली आणि मला जिन्यात बोलावलं.

“यात माझं नाव का नाही आहे, ताई? कोड पास तर मी केला होता न.”

मी म्हटलं, त्याची काय गरज?

“तू मला वाचवून राहिली का?” तो चांगलाच तापला. “नको वाचवू. मी काय पाहायला चुकलो ते लिहिल्याशिवाय पुढच्या वेळी मी तसंच पास करीन. तू ना, हे सगळीकडे करते. काही फाटलं की गुपचूप शिवून टाकते. कोणाला दिसलंच नाही तर ते नीट कोण करीन? बस कुठे आहे माहीत नाही, तर सांग न, माहीत नाही म्हणून.”

मला राग आला. इतक्या वर्षांची तालीम, आणि हा जिन्यात उभा राहून त्याच तालमीला चूक म्हणतो. तरी त्याचं नाव घातलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नवा कोड लिहिला. ठावठिकाणा आला नाही की ठिपका करडा होतो आणि खाली लिहून येतं, ‘बस कुठे आहे ते आत्ता कळत नाही.’ ओळ सोपी होती. ती लिहिताना माझा जीव मात्र असा खालीवर होत होता, जणू मैफलीत पेटीवरचा हात उचलून लोकांना सांगतेय की बुवा चुकले.

२ सप्टेंबर, मंगळवार

पालकांचे फोन दुपटीनं वाढले. आशय खूश आहे. त्या फोनांच्या जोरावर शाळांनी आता यंत्रं बदलायला घेतली, जे तो वर्षभर ओरडून सांगत होता. नागपूरचं डोकं वेगळंच असतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

ठेवलं. पक्की नोकरी.

आशय म्हणाला, बस बंद पडली तेव्हा अर्धे लोक म्हणत होते काढा, पण तुझी ती हकीकत वाचून मत बदललं. मी त्याला म्हटलं, तुझं नाव घातल्यामुळे बदललं. तो म्हणाला, “असू शकते,” आणि स्वतःच हसला. जिवात जीव आला. पुण्याला आईला फोन केला, तिनं पहिला प्रश्न विचारला, पेटी नीट ठेवलीस ना?

घरी येताना वाट वाकडी करून के. आर. पुरमला एक खोली बघून आले. छोटी आहे, पण उजेड चांगला. एक तारखेपासून घेईन म्हणाले.

जेवताना सांगितलं. मामा म्हणाले, “शाब्बास! पण इतक्या लांब कशाला? स्वल्प थांब, इथेच जवळ बघू.” मामी ताट घेऊन उठली. हात धुताना हलकेच म्हणाली, “जा बाई. आता घरात आवाज म्हणून राहायचा नाही.”

मामा टेबलाशीच होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांचा मनापासून राग आला. ज्या बायकोनं यांचं सगळं केलं, ती डोळ्यांत पाणी आणून काही बोलतेय आणि हे पापडाचा तुकडा मोडताहेत. ठरवलं, जायच्या आधी एकदा स्पष्ट सुनावणारच.

१४ सप्टेंबर, रविवार

सुनावायची वेळ आलीच नाही.

सकाळी बैठक होती. मामांनी भैरवीतलं एक भजन काढलं. दुसऱ्या कडव्याला सूर चढू लागला आणि माझा उजवा हात वर सरकायला निघाला. तो निघाला हे मी आज प्रथमच पाहिलं. एरवी मला पत्ताही न लागता तो आपला जातो, कानाला काही कळायच्या आत. मी त्याला थांबवलं. मनात वेगळं काही नव्हतं. एवढंच, की बेसूर झालं तर मामांना ऐकू येईल आणि ते खाली उतरतील. मी नेहमी मागे धावते म्हणूनच ते उतरत नसतील.

काळी एक तशीच धरून ठेवली. खोलीत असं काही कर्कश झालं की पुढे बसलेल्या बाईंनी तोंड वाकडं केलं. विठोजीकाकांनी तबल्यावरचे हात उचलले. मामा गातच होते. मग मी भाता सोडून दिला. पेटी बंद, तबला बंद, मशीन तर कधीचंच बंद. त्या शांततेत मामांचा एकट्याचा आवाज डोळे मिटून मजेत चालला होता. कडवं संपलं. जिथे मी नेहमी मुखडा भरते त्या जागी ते थांबले, मान डोलावली, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, “वा, उल्का! वा!”

मी काहीच वाजवलं नव्हतं.

पंधरा वर्षं कान विकून पोट भरलं मी, आणि समोर बसून मला हे ऐकू आलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती, मामांच्या पाठीमागे. “अहो,” ती म्हणाली. मामांनी पुढचं कडवं उचललं. “अहो, थांबा.” ते गातच राहिले. मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू असा झाला, की जणू कुणी तिला खूप जुनी, खूप चांगली बातमी उशिरा आणून दिलीय. माणसं बसली होती त्यांच्यामधून वाट काढत ती आली, मामांच्या समोर खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मामांनी डोळे उघडले.

“तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही?” इतक्या मोठ्यानं बोललेली मामी मी पाहिली नव्हती.

मामांनी तिच्याकडे पाहिलं, विठोजीकाकांच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “येतं की. तू बोललीस तर येईल. तूच बोलत नाहीस हल्ली.”

“बोलते हो. रोज बोलते मी.”

मामांनी पेटीच्या मिटल्या भात्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, “पेटी कधी थांबली?”

“या कडव्याच्या आधीच, मामा.”

“आणि एरवी?”

मी सांगितलं. सूर चढतो तो, मी मागोमाग सरकते ते, मशीन बंद करते ते, बेलला उठते ते, सगळं. सांगताना मला रडू आलं. मामा म्हणाले, “मला वाटायचं, अजून जमतंय,” आणि पगडी उतरवावी तसा चष्मा काढून हातात धरला. विठोजीकाका उठले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, “अण्णा, माझा डावा कान गेलाच आहे. इंजिनानं कुणाला सोडलं नाही. बायकोच्या भीतीनं मी कानाला मशीन लावलं. या गुरुवारी तुम्हाला घेऊन जातो डॉक्टरकडे. एन माडोदु, काय करणार!”

माणसं चहा न घेताच हळूहळू गेली. मी कप धुतले.

संध्याकाळचे सहा वाजताहेत. ती दोघं पुढच्या खोलीत समोरासमोर खुर्च्या टाकून बसलीत आणि मामी बोलतेय. दुपारपासून बोलतेय. वर्षभराचं सगळं, तिच्या त्या बारीक आवाजात, गळ्याच्या शिरा ताणून. बहिणीच्या नातवाचं बारसं, गच्चीवरची गळती, करपलेला भात, अमक्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं की माझ्यावर रागावलात का, ते. मामा मध्येच म्हणतात, “हे कधी विचारलंस?” आणि ती तारीख सांगते. मग ते म्हणतात, “पुन्हा विचार.” ती पुन्हा विचारते, ओरडून.

आत्ताच शेजारच्या अक्कांनी खिडकीतून मला हाक मारली. एवढा आवाज या घरातून त्यांनी कधी ऐकला नव्हता. घाबरून विचारलं, “एनम्मा, जगळाना? भांडण का गं?”

मी म्हटलं, “नाही हो अक्का. बोलताहेत.”